कुंपणच शेत खातं तेव्हा

'कुंपणच शेत खातं' ही म्हण आपण पुढाऱ्यांच्या नाहीतर सोसायटीच्या हिशेबांच्या गप्पांत हमखास वापरतो. आज मी ती आपल्या शरीराबद्दल वापरणार आहे. विषय जरा जड आहे, पण भाजी निवडतानिवडता वाचून होईल अशा बेताने सांगते. शेवटी एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा आहे, तेव्हा मध्येच अंक मिटू नका.

'पेशंटला सेप्सिस झालाय.' इस्पितळाच्या बाकावर बसलेलं असताना हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर पडलेलं असतं. कुणाच्या सासऱ्यांच्या बाबतीत, कुणाच्या बाळंतीण भाचीच्या बाबतीत. आपण मान हलवतो आणि घरच्यांना फोनवर सांगतो, 'रक्तात विष भिनलंय म्हणतात.' हे चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या उपयोगाचा आहे.

विळीवर भाजी चिरताना बोट कापलं की दुसऱ्या दिवशी काय होतं? बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं, ठणकतं. आपण म्हणतो, जखम चिघळली. खरं म्हणजे ही शरीराने केलेली नाकेबंदी असते. जखमेतून जंतू आत शिरले की त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल होतात, त्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, म्हणून सूज. या सगळ्या प्रकाराला दाह म्हणतात. दोन-तीन दिवसांत काम उरकतं, पेशी माघारी फिरतात, सूज उतरते. दाह आपला राखणदार आहे. तो नसता तर विळीच्या एका चिरेनेही माणूस दगावला असता.

आता कल्पना करा, हाच प्रकार एका बोटापुरता न राहता सगळ्या अंगभर सुरू झाला. अंगातल्या सगळ्याच रक्तवाहिन्या रुंदावल्या, तर रक्तदाब कोसळणार. सगळीकडच्या भिंती झिरपू लागल्या, तर फुप्फुसात पाणी साचणार आणि धाप लागणार. बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होणार. मूत्रपिंडाला रक्त पुरलं नाही की लघवी कमी होणार, मेंदूला पुरलं नाही की माणूस बरळणार. तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातून धूर आला म्हणून बंबवाल्यांनी सगळ्या इमारतीत पाणी सोडावं आणि भिंतीच ढासळाव्यात, तसंच हे. जंतू असतातच, पण जास्त नुकसान राखणदाराच्या हातून होतं. २०१६ साली जगातल्या तज्ज्ञांनी सेप्सिसची नवी व्याख्या ठरवली, ती हेच सांगते: संसर्गाला तोंड देताना शरीराचा ताल सुटतो, त्यामुळे अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, तो सेप्सिस.

हे क्वचित होणारं दुखणं म्हणावं, तर तसंही नाही. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले सुमारे १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या दर ५ मृत्यूंमागे १. बहुतेक वेळा घरात नाव निघतं ते न्यूमोनियाचं, लघवीच्या संसर्गाचं, फुटलेल्या अपेंडिक्सचं, मधुमेहाच्या पायाच्या जखमेचं. शेवटचा घाव सेप्सिसने घातलेला असतो.

तुम्ही म्हणाल, जंतू मारायला अँटिबायोटिक आहेच की! आहे, आणि ते लागतंच. पण बिथरलेल्या राखणदाराला आवरणारं औषध कुठे आहे? गेली चाळीसेक वर्षं संशोधक त्याच्याच मागे आहेत, आणि ही वाट ठेचांची आहे. २००१ साली अमेरिकेत अशा एका इंजेक्शनला परवानगी मिळाली. एक्झिग्रिस हे त्याचं नाव. अतिशय महाग, आणि त्याने रक्तस्राव होण्याचा धोका. तरी लोकांनी आशेने वापरलं. पुढे पुन्हा मोठी चाचणी घेतली, तेव्हा ते घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. २०११च्या ऑक्टोबरात ते जगभरातून मागे घेतलं गेलं. दहा वर्षं ज्याच्यावर भिस्त ठेवली, ते असं गेलं.

थोडं यशही आहे. कोरोनाच्या काळात डेक्सामेथासोन हे नाव तुमच्या कानावर आलंच असेल. जुनं, स्वस्त स्टिरॉइड. २०२० साली इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की व्हेंटिलेटरवर असलेल्या कोरोना-रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. विषाणूला त्याने हात लावला नव्हता, दाह आवरला होता. पण लक्षात घ्या हं, त्याच चाचणीत ज्यांना प्राणवायू लावावा लागला नव्हता, त्यांना त्याचा फायदा झाला नाही. राखणदाराला केव्हा आवरायचं आणि केव्हा त्याचं काम करू द्यायचं, ही खरी अडचण आहे.

आता आपल्या घराजवळ येऊ. या कामातला एक धागा आपल्या ठाणे जिल्ह्यातून गेलेला आहे, हे कितीजणींना ठाऊक आहे? डॉ. दिलीप कर्नाड हे अतिदक्षता विभागातले नामवंत डॉक्टर. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं आणि रुग्ण पाहिले, पुढे ते ठाण्याच्या ज्युपिटर रुग्णालयात आले. त्यांनी आणि देशातल्या इतर डॉक्टरांनी मिळून युलिनास्टॅटिन या औषधाची चाचणी घेतली. अंबरनाथला कारखाना असलेल्या भारत सिरम्स या कंपनीचं हे औषध, आणि चाचणीही तिनेच पुरस्कृत केलेली.

हे औषध येतं कुठून, ते ऐकून तुम्ही नाक मुरडाल. माणसाच्या लघवीतून! झालंय असं, की दाहाच्या वेळी आपल्या पांढऱ्या पेशी काही जहाल विकरं सोडतात. ती जंतूंना खातात, पण आवरली नाहीत तर आपल्याच अवयवांना कुरतडतात. त्यांना लगाम घालणारं एक प्रथिन शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यातलं थोडं लघवीतून बाहेर पडतं. तेच गोळा करून, शुद्ध करून इंजेक्शन बनवतात. पिसाळलेल्या राखणदाराला त्याच्याच घरची वेसण!

चाचणी झाली भारतातल्या ७ रुग्णालयांत. गंभीर सेप्सिसचे १२२ रुग्ण घेतले. नेहमीचे सगळे उपचार सर्वांना दिले. शिवाय काहींना दर १२ तासांनी युलिनास्टॅटिन, असं ५ दिवस, आणि बाकीच्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. औषध विकणारी कंपनीच खर्च करते तेव्हा तर ही पद्धत फारच गरजेची असते. मनाचा कल तराजूत पडायला नको.

निकाल २०१४ साली 'इंटेन्सिव्ह केअर मेडिसिन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. ज्यांना निदान ६ डोस मिळाले, अशा रुग्णांत औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ जण २८ दिवसांत दगावले आणि न घेतलेल्या ५९ पैकी १२. केवढा फरक! इस्पितळातला मुक्कामही औषध घेतलेल्यांचा बराच कमी होता. इथे एखाद्या जाहिरातवाल्याने टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्याच निबंधात डॉक्टरांनी दुसराही हिशेब मांडला. सुरुवातीला घेतलेले सगळेच्या सगळे १२२ धरले, तर औषधाच्या गटात ५९ पैकी ६ मृत्यू आणि दुसऱ्या गटात ६३ पैकी १३. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडला असेल, असं गणित सांगतं. म्हणजे आशा आहे, पण शिक्कामोर्तब झालेलं नाही. ते व्हायला याहून पुष्कळ मोठ्या चाचण्या लागतात.

मला या निबंधातलं सर्वात काय आवडलं असेल, तर हा दुसरा हिशेब. घरखर्चाच्या वहीत आपणही वाचलेले पैसे ठळक लिहितो आणि उसनवारी मागच्या पानावर ढकलतो. यांनी दोन्ही रकमा एकाच पानावर लिहिल्या.

आणि हे तुम्हाला सांगायचं कारणही तसंच आहे. आपलं माणूस आत आयसीयूत असतं. बाहेर नातेवाईकांपैकी कुणीतरी म्हणतं, 'अमक्याला ते महागडं इंजेक्शन दिलं आणि तो उठून बसला, आपण पण मागून घेऊ.' त्या घडीला आपण मंगळसूत्रसुद्धा मोडायला तयार असतो. तेव्हा शांतपणे डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे औषध नेमकं कशासाठी? ते नाही दिलं तर काय फरक पडेल? आणि याचा पुरावा पक्का आहे की अजून आशेवर आहे? चांगला डॉक्टर रागावत नाही, उत्तर देतो. निर्णय त्यांचाच, पण प्रश्न विचारायचा हक्क आपला.

मग सेप्सिसमध्ये पक्कं काय आहे? पक्का आहे तो वेळ. योग्य अँटिबायोटिक शिरेतून लवकर सुरू करणं, सलाईनने रक्तदाब सावरणं, पू साचला असेल तिथून तो काढून टाकणं. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला तर निदान होताच तासाभरात अँटिबायोटिक द्यावं, असं २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं सांगतात. पण मैत्रिणींनो, डॉक्टरांचा तास इस्पितळाच्या दारापासून मोजला जातो. त्याआधीचे तास कुठे गेलेले असतात? आपल्या घरात. तापाची गोळी देऊन वाट बघण्यात, 'उद्या सकाळपर्यंत बघू' म्हणण्यात, आणि मग कल्याण-शीळ रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत.

घरातली नजर काय करू शकते, याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. तिथे नवजात बाळं सेप्सिसने जायची आणि इस्पितळ लांब. त्यांनी गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचा श्वास मोजायच्या, अंगाला हात लावून बघायच्या, दूध ओढतंय का, रडणं क्षीण झालंय का, हातपाय लुळे पडलेत का हे टिपून ठेवायच्या. सेप्सिसची लक्षणं दिसली की आईबापांना आधी इस्पितळात न्यायला सांगायच्या. ते जमत नसेल तर त्यांच्या संमतीने, शिकवल्याप्रमाणे मोजून, अँटिबायोटिक इंजेक्शन आणि औषध द्यायच्या.

तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. सेप्सिस झालेल्या १०० बाळांपैकी आधी १६-१७ दगावत होती, ती संख्या ३च्या आत आली. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं. आज आपल्याकडे आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात ना, ती योजना २०११ साली देशभर सुरू झाली, तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे. तेव्हा आशाताई दारात आल्या तर 'आमचं बाळ इस्पितळात जन्मलंय, आम्हाला गरज नाही' म्हणून त्यांना परत पाठवू नका.

एक मात्र बजावते. त्या बायकांना रीतसर शिक्षण होतं आणि डोक्यावर डॉक्टरांचा हात होता. आपण घरी कुणाची उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं उघडायची नाहीत. आपण त्यांच्याकडून घ्यायची ती फक्त नजर.

आमच्या डोंबिवलीतल्याच इमारतीतल्या एका सूनबाईंची गोष्ट. सासूबाईंचं वय ७८. दोन दिवस लघवीला जळजळ, ताप फारसा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारू लागल्या. घरातले म्हणाले, 'वय झालं, चालायचंच.' सूनबाईंनी दोन गोष्टी हेरल्या. काल रात्रीपर्यंत सासूबाई दुधाचा हिशेब चोख सांगत होत्या, आणि सकाळपासून त्या बाथरूमकडे फिरकल्याच नव्हत्या. त्यांनी कुणाची वाट न बघता रिक्षा बोलावली. लघवीच्या संसर्गाचा सेप्सिस निघाला. नऊ दिवसांनी आजी घरी आल्या. आज त्या सुनेच्या आमटीला नावं ठेवतात, आणि सूनबाई हसून ऐकून घेतात.

आता तो कागद. मुलांच्या वहीचं एक पान फाडा आणि ठळक अक्षरात लिहा.

मोठ्या माणसाला कुठलाही संसर्ग असताना, म्हणजे खोकला, जुलाब, लघवीची जळजळ, पिकलेली जखम, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा बाळंतपण, यापैकी काही असताना, पुढचं एक जरी लक्षण नव्याने दिसलं तरी थांबायचं नाही:

१. बरळणं, ओळख न पटणं, न उठणारी गुंगी.
२. शांत पडलेलं असतानाही धाप. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २२ किंवा जास्त असेल तर धोका.
३. दिवसभरात लघवी न होणं किंवा अगदी थोडी, गडद होणं.
४. हातपाय थंडगार, कातडीवर निळसर-जांभळट डाग, उभं राहिल्यावर घेरी.
५. हुडहुडी भरून ताप, किंवा उलट अंग नेहमीपेक्षा गार पडणं. म्हाताऱ्या माणसांत ताप नसला तरी सेप्सिस असू शकतो.
६. 'असं मला कधीच झालं नव्हतं' असं आजारी माणसानेच म्हणणं.

बाळंतिणीला ताप, ओटीपोटात वाढत्या वेदना, अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी: त्याच दिवशी डॉक्टर. 'अंगात वारं शिरलं' म्हणून शेक-शेगडीवर दिवस काढू नका.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने दूध ओढणं सोडलं, ते मलूल झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली: रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लिहा. त्याखाली घरातल्या प्रत्येकाची चालू औषधं आणि कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे ते. डॉक्टरांसमोर गेल्यावर एवढंच म्हणा, 'हे नेहमीसारखं वाटत नाही. सेप्सिस असू शकेल का?' दुखणं कधी सुरू झालं, शेवटची लघवी केव्हा, कुठली गोळी किती वाजता दिली, हे सांगता आलं तर त्यांचा पुष्कळ वेळ वाचतो.

पावसाळ्यासाठी आणखी एक ओळ. २६ जुलै २००५ला उल्हास नदीने कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे काय हाहाकार केला ते आपण विसरलेलो नाही. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या बारीकशा चिरेवाटेही तो शिरतो आणि सेप्सिसपर्यंत नेऊ शकतो. स्टेशनवरून तुंबलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं, तर घरी येताच पाय साबणाने धुवा, जखम असेल तर डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'मी पाण्यातून चालले होते' हे आपण होऊन सांगा. आपण सांगितलं नाही, तर ते डॉक्टरांना कसं कळणार?

शेवटचं तुमच्याबद्दल. घरातल्या सगळ्यांचा ताप आपण हाताच्या पाठीने ओळखतो. आपला स्वतःचा कोण बघतो? शाळेत माझ्याबरोबरच्या बाई अंगात ताप असताना परीक्षेचे पेपर तपासतात, आणि विचारलं की म्हणतात, 'मुलांची सहामाही झाली की दाखवीन.' कळव्याची वहिनी म्हणते, 'पाहुणे गेले की जाईन.' लघवीची जळजळ अंगावर काढण्यात तर आपला हात कुणी धरणार नाही. म्हणून तो कागद लिहाल तेव्हा एक काम करा. तो नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला किंवा मुलीला एकदा मोठ्याने वाचायला लावा. श्वास कसा मोजायचा ते त्यांना तुमच्यावरच करून दाखवा. गुंगी तुम्हालाच आली, तर तो कागद त्यांनाच वाचायचा आहे.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या पिण्याच्या पाण्याविषयी बोलू. तोवर कागद चिकटवला की नाही, ते पत्राने जरूर कळवा.